घरी मोजलेल्या बीपी-शुगरचे करायचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१७ मे (जागतिक उच्च रक्तदाब दिन) आणि १४ नोव्हेंबर (जागतिक मधुमेह दिन) जवळ आले की पुरवण्यांमधून या दोन्ही आजारांवर लेख येतात आणि बहुतेकांच्या शेवटी एक चौकट असते: ‘घरच्या घरी नियमित तपासणी करा’. शेजारच्या पानावर मशीनची जाहिरात. बीपीचे मशीन आणि ग्लुकोमीटर आता तालुक्याच्या गावांतही घरोघरी दिसतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तपासायचे कधी, कसे, किती वेळा आणि आलेल्या आकड्यांचे पुढे करायचे काय, हे त्या चौकटीत नसते. मग दवाखान्यात येतात ते मोबाइलमधले मशीनचे तीस-चाळीस फोटो, त्यातला उपाशीपोटीचा कोणता आणि जेवणानंतरचा कोणता याचा पत्ता नाही. नाहीतर एक वही येते, ज्यात ओळीने १२०/८०, १३०/८०, १२०/८० लिहिलेले असते. बीपी असे दहाच्या पाढ्यात कुणाचेच चालत नाही.

मशीन घरात आले म्हणून बीपी उतरत नाही, हे तपासून झालेले आहे. २०१७ साली ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण आले. नुसते घरी मोजणाऱ्यांचे वरचे बीपी वर्षभरात इतरांच्या तुलनेत जेमतेम एका अंकाने कमी झाले. पण जिथे मोजण्याच्या जोडीला कुणीतरी ते आकडे पाहून सल्ला देत होते, औषध बदलत होते, तिथे ते सुमारे सहा अंकांनी उतरले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या ११८२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. घरच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी गोळ्या ठरवल्या त्या रुग्णांचे वरचे बीपी वर्षाअखेर सरासरी १३७ होते, आकडे मोबाइलवरून पाठवणाऱ्यांचे १३६ आणि फक्त दवाखान्यातल्या मोजणीवर चाललेल्यांचे १४०. मोबाइलने फार मोठा फरक पाडला नाही. आकडे वाचून त्यावर निर्णय घेणारा माणूस होता, त्याने पाडला. त्यामुळे घरची मोजणी अशी व्हायला हवी की ती वाचून निर्णय घेता येईल. खालचा सगळा तपशील त्यासाठीच आहे.

आधी बीपी. मशीन दंडावर कफ गुंडाळायचे, आपोआप हवा भरणारे घ्यावे. मनगटाचे मशीन हात अचूक छातीच्या पातळीवर धरला तरच बरे चालते आणि तसा तो सहसा धरला जात नाही. बोटावर लावायचे तर घेऊच नये. कोणते मॉडेल प्रत्यक्ष चाचणीत उतरले आहे याची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. त्यात कंपनीच्या नावाबरोबर मॉडेलचा क्रमांकही जुळला पाहिजे, कारण एकाच कंपनीचे एक मॉडेल यादीत असते आणि दुसरे नसते.

त्याहून महत्त्वाचा कफ. खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजावा. बहुतेक मशीनबरोबर २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठीचा कफ येतो. कफवरच ही मापे छापलेली असतात, पण खोके उघडल्यावर ती वाचतो कोण? घेर ३४ असलेल्या माणसाला हा कफ लावला तर आकडा खोटाच जास्त येतो. २०२३ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा कफ लावल्यावर वरचे बीपी सुमारे ५ अंकांनी आणि सर्वात मोठा कफ लागणाऱ्यांत तर सुमारे २० अंकांनी चढे दिसले. म्हणजे एखाद्याला विनाकारण दुसरी गोळी सुरू होऊ शकते. उलट, बारीक दंडाच्या आजींना ऐसपैस कफ लावला की आकडा कमी दिसतो आणि खरे बीपी लपून राहते. मोठा आणि छोटा कफ वेगळा विकत मिळतो. मेडिकलच्या दुकानात मशीन देताना एक टेप काउंटरवर ठेवली आणि गिऱ्हाइकाचा दंड मोजूनच मशीन दिले, तर अर्धे काम तिथेच होईल.

मोजण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, बिडी-सिगारेट आणि जिना चढणे नको. लघवी करून यावे. भरल्या मूत्राशयानेही बीपी चढते. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत पाच मिनिटे गप्प बसावे. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही, मांडी नाही. हात टेबलावर असा की कफ छातीच्या मध्याच्या पातळीला येईल. टेबल बुटके असेल तर हाताखाली उशी किंवा दोन जाड पुस्तके. हात मांडीवर ठेवून मोजला तर कफ सहज दहा सेंटिमीटर खाली जातो आणि तेवढ्या उतारानेच आकडा सात-आठ अंकांनी वाढतो. यात आजार काही नाही, निव्वळ रक्ताच्या स्तंभाचे वजन आहे. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर, नळी आतल्या बाजूने, आणि कफखाली दोन बोटे जातील इतका सैल. ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर सरकवून तिचा आवळपट्टा करू नये. त्यापेक्षा बाहीतून हात काढून घ्यावा. मशीन चालू असताना बोलू नये, ‘किती आलं?’ असेसुद्धा विचारू नये. सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच.

किती वेळा? डॉक्टरांकडे जाण्याआधी सलग सात दिवस. सकाळी उठून तासाभरात, गोळी आणि नाश्ता यांच्या आधी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. रात्री जेवणाआधी किंवा झोपण्याआधी पुन्हा दोनदा. दिवसाला चार, आठवड्याला अठ्ठावीस आकडे. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्यावेत, कारण नव्या मशीनशी ओळख होईपर्यंत आकडे चढेच येतात. उरलेल्या चोवीसांची सरासरी काढावी. सात दिवस जमले नाहीत तर निदान तीन. ही सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० सारखी समजतात. अमेरिकी नियम आणखी कडक, १३०/८० चा. पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर बीपी मोजावे आणि ज्यात आकडा जास्त येतो तोच पुढे कायम धरावा. दोन्हींत सातत्याने १५ पेक्षा जास्त फरक असेल तर ती गोष्ट स्वतंत्रपणे डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे.

वयस्कर माणसे, जुना मधुमेह असलेले आणि प्रोस्टेटच्या गोळ्या घेणारे यांनी आठवड्यात एकदा उभे राहूनही मोजावे: पाच मिनिटे बसून किंवा आडवे पडून एक, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी एकेक. वरचे बीपी २० किंवा खालचे १० ने पडत असेल तर रात्री बाथरूमला जाताना घेरी येण्याचे कारण बहुधा तेच. बसून घेतलेल्या उत्तम आकड्यांवर समाधान मानून गोळी वाढवली की हेच लोक पडून खुबा मोडून घेतात.

बाकीच्या दिवसांत मोजू नये का? स्थिर असाल तर आठवड्यातून एक-दोनदा पुरे. गोळी बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तो सात दिवसांचा फेरा. डोके जरा दुखले की मोज, आकडा जास्त आला म्हणून घाबरून पुन्हा मोज, भीतीने तो आणखी चढला म्हणून तिसऱ्यांदा मोज, या चक्रातून हाती काही लागत नाही. या घबराटीत जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटक्यात उतरवण्याचा जुना रिवाज अजून सापडतो. निफेडिपिन ही गोळी अशी वापरल्याने पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याची नोंद १९९० च्या दशकातच झाली आहे. ते करू नये. आकडा १८०/१२० च्या वर आणि त्यासोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा अचानक अंधुक दिसणे असेल तर पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन. यातले काहीच होत नसेल तर पाच-दहा मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

पडद्यावर हृदयाचे चिन्ह वेड्यावाकड्या तालात लुकलुकत असेल तर ते वहीत लिहावे. नाडी अनियमित असताना ही मशीन गोंधळतात. अशा वेळी तीन आकडे घ्यावेत आणि एक ईसीजी काढून घ्यावा. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहावे. नळीला बारीक चीर गेली असेल तर मशीन पुन्हा पुन्हा हवा भरते किंवा ‘एरर’ दाखवते. सेल उतरले की आधी हवा भरण्याचा आवाज मंदावतो, तेव्हाच बदलावेत.

आता शुगर. इथे एक अप्रिय गोष्ट आधी सांगितली पाहिजे: रोज बोट टोचण्याची गरज नसलेले अनेकजण रोज टोचतात आणि ज्यांना गरज आहे ते टोचत नाहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० मधुमेहींवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज एकदा तपासणारे आणि अजिबात न तपासणारे यांच्या एचबीएवनसीमध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) वर्षाअखेर फरक दिसला नाही. पट्टी वीस रुपयांची धरली तर रोज एक म्हणजे वर्षाला ७३०० रुपये. फक्त मेटफॉर्मिन या गोळीवर स्थिर असलेल्या माणसाने या पैशांत दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने आणि पायांची तपासणी करून घेतली तर जास्त उपयोग.

इन्सुलिन घेणारे, ग्लिमेपिराइड किंवा ग्लायक्लाझाइडसारख्या साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर स्त्रिया, ताप किंवा उलट्या-जुलाब चालू असलेले, दम्यासाठी वा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू झालेले, नुकतेच औषध बदललेले आणि नवरात्राचे, चातुर्मासाचे किंवा रमजानचे उपवास करणारे मधुमेही यांची गोष्ट वेगळी. यांनी मोजलेच पाहिजे. ते नेमके कधी आणि किती वेळा, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे. नुसते ‘शुगर चेक करत जा’ हे प्रिस्क्रिप्शन नव्हे.

रोज फक्त सकाळची फास्टिंग मोजून वहीचे पान भरण्यात फारसा अर्थ नाही. जोडीने मोजावे: एकाच जेवणाच्या आधी एक आणि नंतर एक. नंतरचा आकडा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी. हात धुतल्यापासून नव्हे. सोमवारी नाश्ता, बुधवारी दुपारचे जेवण, शुक्रवारी रात्रीचे. तीन दिवसांत सहा पट्ट्या लागल्या आणि तिन्ही जेवणांचा हिशेब कळला. समजा पोह्यांआधी ११८ आणि दोन तासांनी २१२ आले, पण भाकरी-उसळीच्या जेवणाआधी १२५ आणि नंतर १६४ आले, तर डॉक्टर गोळी वाढवण्याआधी पोह्यांच्या बशीकडे पाहतील. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे उद्दिष्ट धरतात. खूप वयस्कर किंवा इतर मोठे आजार असलेल्यांसाठी ते सैल, गरोदरपणात जास्त कडक. मोजण्याच्या दिवशी गोळी चुकवणे किंवा आदल्या दिवशी पथ्य करून ‘चांगला’ रिपोर्ट आणणे हा प्रकार फार चालतो. त्यात फसतो तो रिपोर्ट आणणाराच.

बोट टोचण्याआधी साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. आंब्याच्या दिवसांत याला विशेष महत्त्व. फळ सोलल्यावर बोटाला राहिलेला रस पट्टीत जातो आणि आकडा भलताच चढतो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की अशा बोटावर अल्कोहोलचा बोळा फिरवूनही साखर पुरती निघत नाही, पाण्याने धुतल्यावरच निघते. टोचायचे ते बोटाच्या पेराच्या कडेला, मधल्या मऊ भागावर नाही. कडेला दुखते कमी. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून झटकावा, कोमट पाण्यात धरावा, पण बोट पिळू नये. पिळल्याने रक्तात पेशींमधले पाणी मिसळते. पट्टीच्या डबीचे झाकण तिथल्या तिथे लावावे. झाकणात किंवा डबीच्या भिंतीत ओल शोषणारा पदार्थ असतो. कोकणातल्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर सगळ्याच पट्ट्या बिघडतात. साधारण ३० अंशांपर्यंतच त्या ठेवायच्या असतात, तेव्हा विदर्भातल्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत नकोत. पण फ्रीजमध्येही नकोत, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरते. डबी उघडल्याची तारीख पेनने तिच्यावरच लिहावी. उघडल्यावर किती महिने चालतात ते डबीवर छापलेले असते.

आणि हे यंत्र किती अचूक, तेही माहीत हवे. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे चालतात आणि १०० च्या खाली १५ अंकांनी. म्हणजे खरी शुगर १८० असताना मशीनने १५३ दाखवले काय किंवा २०७ दाखवले काय, मशीन नियमात बसते. काल १७२ आणि आज १८४ यावरून घरात भांडण काढण्यात अर्थ नाही. त्यात जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त असते, म्हणून लॅबचा पीपी (जेवणानंतरचा आकडा) आणि घरचा पीपी जुळत नाहीत.

अंगात रक्त (हिमोग्लोबिन) कमी असेल तर बहुतेक ग्लुकोमीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. आपल्याकडच्या बायकांमध्ये पंडुरोगाचे प्रमाण पाहता हे लहानसहान नाही. एचबीएवनसीलाही याची बाधा होते: लोहाच्या कमतरतेत तो चढा येतो, तर सिकल सेलसारख्या आजारात, जिथे तांबड्या पेशी लवकर मरतात, तिथे फसवा कमी. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या सिकल सेलच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे ठाऊक असते, पण तिथून पुण्या-मुंबईला आलेल्या रुग्णाच्या बाबतीत कुणी विचारत नाही. घरचे आकडे आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल तर आधी हिमोग्लोबिन पाहावे, मग रुग्णाला खोटारडा ठरवावे.

लंडनच्या मुलाने किंवा टोरांटोच्या लेकीने आणून दिलेल्या मशीनवर ७.० दिसले तर घाबरू नये आणि ‘शुगर सातच आहे’ म्हणून साखरही खाऊ नये. तिकडचे एकक वेगळे आहे. १८ ने गुणावे, म्हणजे १२६. अशा मशीनच्या पट्ट्या इथे अनेकदा मिळत नाहीत, मग ते कपाटात जाते.

साखर ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, तरी ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. अशी प्रत्येक वेळ वहीत वेगळ्या शाईने लिहावी: किती वाजले, आधीचे जेवण कधी, कोणती गोळी किंवा किती युनिट. महिनाभराच्या सगळ्या आकड्यांपेक्षा या दोन-तीन नोंदी डॉक्टरांच्या जास्त कामाच्या असतात. ५४ च्या खालची नोंद असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

दंडावर चिकटवायचे सेन्सर आता शहरांत बऱ्यापैकी दिसू लागले आहेत. ते रक्तातली नव्हे तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतात, त्यामुळे पाच ते पंधरा मिनिटे मागे असतात. साखर वेगाने उतरत असताना सेन्सर ९५ दाखवील आणि माणसाला घाम सुटलेला असेल; अशा वेळी बोट टोचून पाहावे. रात्री त्याच कुशीवर झोपले की सेन्सर दाबला जातो आणि पहाटे तीनला खोटी ‘लो’ दाखवतो. त्यातून निघणाऱ्या ढीगभर आलेखांपैकी पाहायचे थोडकेच: ७० ते १८० मध्ये किती टक्के वेळ गेला (बहुतेकांसाठी ७० टक्क्यांच्या वर हवा), ७० च्या खाली किती (४ टक्क्यांच्या आत), ५४ च्या खाली किती (१ टक्क्याच्या आत). चौदा दिवसांपैकी निदान ७० टक्के वेळेची नोंद नसेल तर ही टक्केवारी धरू नये. वयोवृद्धांसाठी ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत ठेवतात आणि १८० च्या वरचा वेळ निम्म्यापर्यंत चालवून घेतात. इन्सुलिन घेणाऱ्याला हे वरदान आहे. नुसत्या हौसेपोटी लावलेला सेन्सर मात्र बटाटेवड्यानंतरची रेघ बघण्यापलीकडे जात नाही.

घड्याळे आणि अंगठ्या यांबद्दल एकच. टोचल्याशिवाय रक्तातली साखर मोजते असा दावा करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. ऑनलाइन बाजारात ती तरीही दीड-दोन हजारांत मिळतात. बिनकफच्या घड्याळावरच्या बीपीवरून निदान किंवा औषध ठरवू नये, असे युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शननेही सांगितले आहे. पावले आणि नाडी मोजायला घड्याळ ठीक.

हृदय कमजोर असलेल्यांसाठी सर्वात उपयोगी यंत्र तर साधा वजनकाटा आहे. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, तेवढ्याच कपड्यांत, काटा कडक फरशीवर ठेवून. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढले तर ती चरबी नसते, पाणी असते. पायावर सूज दिसण्याआधी फोन करावा.

हे सगळे एका पानावर मावले पाहिजे. वर नाव, वय, मशीनचे मॉडेल आणि गोळ्यांची यादी, डॉक्टरांनी लिहिलेली नव्हे तर प्रत्यक्षात घेतली जाणारी, वेळेसह. मध्ये तक्ता: तारीख, वेळ, आकडा, जेवणाआधी की नंतर, आणि शेरा म्हणून चार शब्दांची जागा (‘लग्नात जेवलो’, ‘झोप नाही’, ‘गोळी चुकली’). खाली सरासरी, सर्वात जास्त, सर्वात कमी, चुकलेल्या गोळ्या किती. आकडा जसा दिसला तसा: १३७ म्हणजे १३७. ज्या डॉक्टरांकडे एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे आहेत, ते हे पान वाचतात. चाळीस फोटो वाचत नाहीत.

ॲप वापरायचे तर हेच पान पीडीएफ करून देणारे घ्यावे आणि नवा फोन घेण्याआधी ते काढून ठेवावे. सेल बदलल्यावर अनेक मशीनमधली तारीख मूळपदावर जाते आणि मग सगळ्या नोंदी पहाटे दोनच्या होऊन बसतात. सेल घातले की आधी घड्याळ लावावे. नवरा-बायको एकच मशीन वापरत असतील तर बीपीच्या मशीनवरचे १ आणि २ हे बटण त्यासाठीच असते. शुगरचे ॲप संपर्कयादी आणि ठिकाणाची परवानगी मागत असेल तर नाकारावी. त्याला तुमच्या शेजाऱ्याचा नंबर लागत नाही. आपली माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेला आहे. ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक ऐच्छिक आहे, आणि त्यातून रिपोर्ट कुणाला दाखवायचे ते तुमच्या संमतीने ठरते; ती विनंती मोबाइलवर आली की न वाचता ‘ओके’ करू नये.

आकडे डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर आधी ठरवून घ्यावे: कोणत्या दिवशी, कोणत्या स्वरूपात, कोण पाहणार आणि उत्तर किती दिवसांत येणार. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार असा मजकुरावरचा सल्ला चालतो, पण तातडीसाठी ते साधन नाही. रात्री अकराला पाठवलेला ‘२१०/११०’ सकाळी नऊला वाचला गेला तर दोष कुणाचा, हे नंतर ठरवण्यापेक्षा आधी ठरलेले बरे.

सरकारी यंत्रणेकडे पाया आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून सुरुवातीलाच सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेल्या औषधांचा क्रम, महिन्याभराच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची पद्धत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि ३१.५ कोटी उच्च रक्तदाबाचे लोक आहेत. एवढ्यांना दरमहा ओपीडीच्या रांगेत उभे करणे अशक्य आहे. रुग्णाच्या कार्डावर ‘घरची सरासरी’ असा एक रकाना वाढवावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन मापांचे कफ ठेवावेत, आणि मशीन नसलेल्यांसाठी आशाताईंकडे सात दिवसांकरता देता येतील अशी दोन-चार मशीन असावीत. यात नवे सॉफ्टवेअर लागत नाही. खासगी डॉक्टरांनीही घरची सरासरी केसपेपरवर तारखेसह उतरवून घ्यावी; रुग्णाने आणलेले पान पाहून परत दिले की पुढच्या भेटीला त्याचा मागमूस राहत नाही.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या पुरवणीत त्या चौकटीच्या जागी वर सांगितलेला तक्ता छापावा, कापून फाईलला लावता येईल अशा आकारात.

आणखी एक. या वाढत्या मोजणीबरोबर वापरलेल्या सुयाही वाढल्या आहेत आणि त्या सरळ ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात. टोचतात त्या कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला. बोट टोचण्याच्या (लॅन्सेट) आणि इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत टाकाव्यात, बरणी पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे लिहावे आणि ती घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. ती घ्यायची कुणी, घंटागाडीने की जवळच्या दवाखान्याने, हे बहुतेक नगरपालिकांनी नागरिकांना अजून स्पष्ट सांगितलेले नाही. ते सांगावे.

कळावे,
आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर, सातारा
(कृपया नाव छापू नये)